आईचा उजवा कान

वडील गेले तेव्हा बहीण मेलबर्नहून आली नाही. नवी नोकरी, रजा मिळाली नाही. आईने ते मनाला लावून घेतलं आणि वर्षभर तिच्याशी अबोला धरला. तो मोडायचं काम मी अंगावर घेतलं. काम अंगावर घेतलं की मी आधी यादी करतो. सुप्याच्या कारखान्यात इतकी वर्षं स्टोअर सांभाळल्याची ही सवय.

आई तोवर कोल्हारहून आमच्याकडे सावेडीला राहायला आली होती. साखरेने नजर अधू झालेली, मोबाईलवरचा चेहरा तिला दिसत नसे. म्हणून माझ्या मुलीचा जुना, छोटा लॅपटॉप काढला. वायर न जोडता त्याचा स्क्रीन टीव्हीवर कसा दाखवायचा, हे शिकण्यात एक अख्खा शनिवार गेला. बॅटरी गेलेली असल्यामुळे लॅपटॉप सतत चार्जरवर ठेवावा लागे. म्हणून तो प्लगजवळ, आईच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, शिलाई मशीनवर ठेवला. टीव्ही समोर. यादी भिंतीला चिकटवली: वायफाय, चार्जर, आईचा चष्मा, सकाळी दहा.

पहिल्या रविवारी बहिणीने कॉल उचलायच्या आत टीव्हीवर आईच दिसली.

"ही कोन म्हातारी, तोंड फिरवून बसलीय?"

"तूच आहेस ती."

"मंग काढ तिला. पोरगी कुठंय?"

मी आईचं ते चित्र लपवून टाकलं. तेवढ्यात बहीण आली, टीव्हीभर. आईने "बरी हायेस ना? जेवलीस का?" एवढंच विचारलं. पुढे ती नुसती बघत राहिली. मी पिशवी घेऊन भाजीला गेलो. परत आलो तेव्हा कॉल संपला होता.

"लई बारीक झालीय," आई म्हणाली. "हनुवटीवरचा तीळ पन दिसला मला."

मी खूश होतो. काम झालं होतं.

पण अर्ध्या तासाचे कॉल पुढे दहा मिनिटांवर आले. "दादा, मीटिंग आहे," म्हणून बहीण उठायची. रविवारी कसली मीटिंग, हे मी विचारलं नाही. टीव्ही बंद झाला की आई म्हणायची, "तिचा राग न्हाई गेला अजून. बघ कशी पळती." मी म्हणायचो, "कामं असतात गं तिला."

गेल्या थंडीत आई गेली. या वेळी बहीण आली. दहावा झाल्यावर आम्ही दोघंच घरात होतो, तेव्हा ती म्हणाली, "शेवटपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही रे दादा. दर रविवारी मला तिचा कान दिसायचा. वाटायचं, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही तिला."

"मग मला सांगायचंस ना!"

"काय सांगणार? मी नव्हते आले वडिलांच्या वेळी. म्हटलं, असू दे."

मी तिला आईच्या खुर्चीत बसवलं. लॅपटॉप मशीनवर ठेवला, टीव्हीला जोडला, त्याचा कॅमेरा सुरू केला. ती टीव्हीकडे बघत होती आणि टीव्हीवर तिचा उजवा कान दिसत होता. मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे ती मलाच बघत होती?"

"डोळे ताणून." मग तिळाचं सांगितलं. आई रागाचं काय म्हणायची, तेही सांगितलं. तिने हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं.

नंतर तिने विचारलं, "लॅपटॉप टीव्हीखाली का नाही ठेवलास?"

"चार्जरची वायर पोहोचत नव्हती."

ते खरं होतं. पण एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात होता. वरच्या कप्प्यात, खोक्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. बहीण परत गेली तरी हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.