आमची दुरुस्तीबाई

बोलणाऱ्याला अर्ध्या वाक्यात अडवायला तिला जराही संकोच वाटत नसे. म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या वसतिगृहात ती माझ्या समोरच्या खोलीत राहायची. ग्वातेमालाची, किचे भाषा बोलणाऱ्या माया घरातली, लेझरवर पीएचडी करणारी. आम्ही मराठी मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं दुरुस्तीबाई. गेल्या वर्षी ती मायदेशी परतली. मजला अजून सुनासुना वाटतो.

कुणी कौतुकाने म्हणालं, "मायन लोक फार हुशार होते," की ही चमचा खाली ठेवायची. "लोक माया, संस्कृतीही माया. मायन म्हणायचं ते फक्त भाषांच्या कुळाला. आणि होते नाही, आहोत. तुझ्यासमोर बसून जेवतेय मी." मग हसून आणखी वरण वाढून घ्यायची.

माझी मैत्रीण सुप्रिया म्युनिकच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला. ग्वातेमालाची एक गरोदर बाई दाखल झाली होती, सकाळी सिझेरियन होतं. "स्पॅनिश जेमतेम कळतं गं तिला. तुझ्या त्या मैत्रिणीला माया येते ना? घेऊन ये."

"माया नावाची एक भाषाच नाही," दुरुस्तीबाई कोट चढवता चढवता म्हणाली.

बाईशी ती किचेमध्ये दोन वाक्यं बोलली आणि थांबली. "ही माम बोलते. माझी भाषा वेगळी."

"एकाच कुळातल्या ना? जमव की थोडं," सुप्रिया म्हणाली.

"मराठी येतं म्हणून तू बंगाली बाईची संमती घेशील?"

ग्वातेमालात फोन लावून तिने माम बोलणारी एक ओळखीची गाठली. फोन बाईच्या उशाशी ठेवला. बाई भडाभडा बोलू लागली. पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं, तशी ती दोन्ही हातांनी पोट धरून रडायला लागली.

फोनवरून उलगडा झाला: सिझेरियनबरोबरच नसबंदी करायची का, असं तिला हॉस्पिटलात आधी स्पॅनिशमध्ये विचारलं होतं. बाळ सुखरूप व्हावं ना, एवढंच विचारताहेत असं समजून ती 'सी, सी', म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत राहिली होती. सुप्रियाने लगेच तिची फाईल मागवली. नसबंदी तिथल्या तिथे रद्द झाली.

परतताना ऊ-बान मेट्रोमध्ये मी विचारलं, "असं कसं होऊ शकतं गं? तेही इथे?"

दुरुस्तीबाई खिडकीबाहेर बघत होती. "माझ्या जन्माच्या वेळी आईनेही अशीच मान हलवली होती," ती म्हणाली. "पुढे कित्येक वर्षं ती दुसऱ्या बाळाची वाट बघत राहिली."