मान वर ठेवायचे दहा दिवस

घड्याळजींचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, टक्कल मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ होतं. माणूस दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं खुपसून बसलेला. समोरच्याला दिसणार काय, तर तुळतुळीत माथा. त्याच दुकानात, अडीच हातांवर, किल्लीवाल्या बाईंचं यंत्र होतं. सहा वर्षं बाई तिथं किल्ल्या कापत होत्या आणि तेवढीच वर्षं घड्याळजींना त्यांना लग्नाचं विचारायचं होतं. हे टक्कल घेऊन कुठल्या तोंडाने विचारायचं, म्हणून राहून गेलं.

मग बाईंनी नदीपलीकडे स्वतःचं दुकान घेतलं. सहा आठवड्यांनी जाणार म्हणाल्या. घड्याळजींनी पाचव्याच दिवशी डोक्यावर केस रोवून घेतले. मोठी बहीण ताई, जिच्याकडे ते राहत, तिने पन्नाशीला भांग पाडायची हौस आली म्हणून दोन दिवस अबोला धरला.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, रक्त पातळ करायची गोळी घेता का ते तीनदा विचारलं. मग मानेवरचे केस मुळासकट काढून एकेक करून पुढे लावले आणि सूचनांचा कागद हातात दिला. दहा दिवस खाली वाकायचं नाही. झोपताना डोकं पंचेचाळीस अंशांवर. दर अर्ध्या तासाने सलाईनचा फवारा. खपल्यांना नख लावायचं नाही. घड्याळजींनी ताईच्या उशा कोनमापक लावून रचल्या. कागदाची मागची बाजू वाचायची राहिली.

तीन दिवस ते दुकानात ताठ बसून नुसते पट्टे बदलत होते. चौथ्या दिवशी चिमट्यातून एक स्क्रू उडाला, राईच्या दाण्याहून बारीक. डॉक्टर काहीही म्हणोत, पडलेला स्क्रू तसाच सोडणारा घड्याळजी अजून जन्माला यायचाय. तासभर ते टेबलाखाली होते. स्क्रू सापडला, पण दुसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली आणि दोन्ही डोळे मिटले.

तरी ते ताईचा हात धरून दुकानात आले. घरी बसलं तर बाईंबरोबरचा एक दिवस वाया जातो, हा हिशोब त्यांनी ताईला सांगितला नाही. बाईंनीच डॉक्टरांना फोन लावला. ताप नाही, पू नाही, तर घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. कपाळावर गार फडकं ठेवा, नव्या केसांना धक्का नको, आणि त्यांना जरा ताठ बसू द्या. मग बाई दर अर्ध्या तासाला यंत्र बंद करून फवारा मारू लागल्या. तीन दिवसांनी घड्याळजींचे डोळे उघडले, तेव्हा बाईंचा चेहरा त्यांना वीतभर अंतरावरून दिसला. भुवयांवर पितळेचा कीस होता. इतकी वर्षं हे आपण बघितलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

खपल्या पडल्या, केस दिसू लागले. घड्याळजी विचारायचा दिवस ठरवत होते, आणि चौथ्या आठवड्यात उशीवर नवे केस सापडू लागले. त्यांनी ते सुट्या भागांच्या डबीत भरले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कागद उलटा करून दाखवला: लावलेले केस आधी गळतात, मुळं आत राहतात, चार महिन्यांनी पुन्हा येतात, पुरतं डोकं दिसायला वर्ष लागतं. बाईंना जायला आठवडा उरला होता.

घड्याळजींनी दुकानात येऊन बाईंपुढे डबी ठेवली. एक गोष्ट विचारायची होती, म्हणाले, पण आता ते चार महिन्यांवर गेलं.

बाईंनी यंत्र बंद केलं. "विचारायचं ते डोक्याने विचारणार आहात का?"

घड्याळजींनी विचारून टाकलं. बाईंनी भुवयांवरचा कीस पुसला.

"नव्या दुकानाला मोठी खिडकी आहे," त्या म्हणाल्या. "मला किल्ल्या कापायला एवढा उजेड लागत नाही, घड्याळजी. मी खिडकी बघूनच दुकान घेतलंय."