बुधवारी एक वाजता, तांतेच्या दुकानात

केतन वडगावकर शाकाहारी आहे, असं द हेगमधल्या निदान साठेक मराठी कुटुंबांना ठाऊक होतं. तो शाकाहारी नाही हे ठाऊक असलेली इथली मोठी माणसं तीनच. बायको समता, तिची मावसबहीण शर्वरी आणि सुरिनामी जेवण विकणारी तांते युजेनी.

ही शाकाहाराची भानगड सुरू कशी झाली ते ऐका. तीन वर्षांपूर्वी केतन नवा नवा इथे आला आणि मराठी मंडळाच्या वन-डिश पार्टीला गेला. तिथे दामोदर सर भेटले. पन्नाशीचे, ब्रेडा शहरातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत बरेच वरचे, चारचौघांना नोकऱ्या लावून देणारे. साबुदाणा वड्याची प्लेट हातात देत म्हणाले, "तुम्ही व्हेजच ना? तोंडावरूनच कळतं." तोंडावरून काय डोंबल कळतं? पण सगळे बघत होते, आणि आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यामुळे कोणाला जातीचा काही अंदाज येत नव्हता. केतन म्हणाला, "हो."

झालं. एवढंसं 'हो', पण ते पोसता पोसता नवराबायको मेटाकुटीला आले. घरात मासे तळायचे ते हिवाळ्यातही खिडक्या सताड उघड्या टाकून. मंडळातलं कोणी येणार असलं, की बेडरूममधला बाबासाहेबांचा फोटो कपाटात जायचा. हॉलमधला बुद्ध मात्र जागच्या जागी राहायचा. इथे बागेच्या दुकानात कुंड्यांशेजारी बुद्ध विकायला ठेवलेला असतो, दर दुसऱ्या डच घराच्या खिडकीत तो दिसतो, त्यावरून कोण काय ओळखणार? फोटो कपाटात गेला, की त्या दिवशी समता नवऱ्याशी बोलायची नाही.

तांतेचं दुकान घरापासून दोन ट्राम स्टॉपवर होतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, मागे चार मोठी पातेली आणि खिडकीला लागून तीन उंच स्टुलं. बहुतेक गिऱ्हाइकं डबा बांधून न्यायची. तांते म्हणजे मावशी, तिला सगळा मोहल्लाच तांते म्हणायचा. ती मूळची सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली. केतन पहिल्यांदा आत शिरला तो पावसाने पिटाळला म्हणून. तिने समोर भात आणि तपकिरी घेवडा ठेवला, त्यात खारवलेलं गोमांस आणि डुकराच्या शेपटीचे तुकडे. पहिला घास घेतला आणि या बत्तीस वर्षांच्या सॉफ्टवेअर टेस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याची आजी उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या तुरीच्या डाळीत घालायची, त्या डाळीचा वास असाच घरभर पसरायचा. घरात पुढे ते बंद झालं, त्याचा विषयही निघेनासा झाला. केतनला वाटायचं आपण ती चव विसरलो. विसरतो कसला.

मग तो दर आठवड्याला जायला लागला. मंडळाची माणसं त्या गल्लीत फिरकत नाहीत, हे त्याने आधी नीट बघून घेतलं होतं. तिथे तो बोटं चाटून जेवायचा.

शर्वरीला त्यानेच तिथे नेलं. ती ग्रोनिंगनला मास्टर्स करत होती. ही पोरगी म्हणजे केतनच्या अगदी उलट. पोटात काही ठेवणार नाही. पहिल्याच दिवशी जेवता जेवता तिने तांतेला सगळं सांगून टाकलं, आपण कुठले, गावाबाहेर का राहायचो, कुठलं मांस आपल्या वाट्याला यायचं, बाबासाहेब कोण. केतन इकडे तिकडे बघत होता. तांतेने ओले हात पुसले आणि म्हणाली, "आमच्याकडे मळ्याचा मालक मांस खायचा. शेपटी आणि पाय आमचे." त्या दिवशी तिने पैसे घेतले नाहीत. शर्वरी बाहेर पडल्यावर म्हणाली, "जिजू, या बाईला पाच मिनिटांत कळतं, मग तुमच्या त्या दामोदर सरांना सांगायला तीन वर्षं का लागतात?"

"तुला नाही कळायचं," केतन म्हणाला.

जानेवारीत तिचं शिक्षण संपत आलं, तेव्हा केतनने तिचा सीव्ही दामोदर सरांना पाठवला. 'ओळखीची मुलगी आहे, फार हुशार आहे,' असं लिहिलं. तेव्हा त्याची स्वतःची नोकरी शाबूत होती. पोट भरलेलं असताना माणूस भला असतो.

मार्चमध्ये त्याच्या कंपनीने एका झूम कॉलवर तीस जणांना नारळ दिला, त्यात हा होता. इथला नियम सरळ आहे, नोकरी गेली की तीन महिने. तेवढ्यात व्हिसा देणारी दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळा. केतनने एकशे चाळीस अर्ज केले. अकरा मुलाखती झाल्या, अकराही ठिकाणी तोंडावर गोड बोलून वाटेला लावलं. मुलगी सात वर्षांची, ती आईबापांशी डचमध्ये बोलते, तिला देवनागरीत स्वतःचं नाव लिहिता येत नाही. तिला नागपूरच्या कुठल्या शाळेत नेऊन बसवायचं? समता रोज कॅलेंडरकडे बघायची आणि उरलेले दिवस मोजायची. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

अकरा दिवस उरले आणि दामोदर सरांचा फोन आला. "केतनराव, टीममध्ये एक जागा निघालीय. एकच आहे, पण शब्द माझा चालतो. बुधवारी पासपोर्टच्या कामाला द हेगला येतोय, जेवायलाच भेटू. तुमच्या घराजवळ मॅपवर एक सुरिनामी दुकान दिसतंय. मस्त रोटी-भाजी खाऊ, काय? एक वाजता."

इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाचा हा गोड गैरसमज. सुरिनामी म्हटलं की रोटी. बिहारकडून तिकडे गेलेल्या लोकांची दुकानं वेगळी, तिथे रोटी मिळते. तांतेचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडात आणलेले, तिच्याकडे रोटी कुठली? हे केतनला फोनवर सांगता आलं असतं. पण मग 'तुम्हाला कसं माहीत' असा प्रश्न आला असता. तो म्हणाला, "चालेल सर, चालेल."

बुधवारी सकाळी दहालाच तो तांतेकडे गेला. ती कांदा चिरत होती.

"तांते, एक वाजता एक माणूस येणार आहे. माझी नोकरी त्याच्या हातात आहे. तो मांस खात नाही. त्याच्यासमोर मीही खात नाही." त्याने वळून दार लागलंय का ते बघितलं. "आज तू मला ओळखत नाहीस, एवढं कर."

तिने सुरी खाली ठेवली. तिला सगळं शर्वरीने सांगितलेलंच होतं, त्यामुळे समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तेच केतनला फार लागलं. तिला काहीच माहीत नसतं तर किती सोपं होतं.

"नोकरी मिळेल त्याने?" तिने विचारलं.

"मिळेल."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

दामोदर सर ठरल्या वेळी आले. माणूस वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत. आल्या आल्या केतनच्या पाठीवर हात ठेवला, मुलीची चौकशी केली, समताने मंडळात केलेल्या पुरणपोळ्यांची आठवण काढली. मग वास नाकात गेला आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "अरे बापरे. हे काय शिजतंय? विचारा बरं, तुमचं डच चांगलं आहे, व्हेज काय आहे म्हणावं."

केतनने विचारलं. तांते अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतात तशी अदबीने बोलली. सगळ्यात मांस आहे, साहेब, घेवड्यातसुद्धा.

"सगळ्यात आहे म्हणते," केतन म्हणाला.

"घेवड्यातही? शी! कशी खातात हो माणसं हे?"

"खरंच," केतन म्हणाला. "कशी खातात कोण जाणे." पातेल्यावरचं झाकण जरा सरकलेलं होतं. सकाळपासून त्याने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

शेवटी दोघांनी आल्याच्या सरबताची एकेक बाटली घेतली आणि खिडकीशी बसले. सरांनी फोन काढला. "हे बघा, एचआरकडे दोन नावं राहिलीत. एक तुमचं. दुसरं हे, शर्वरी. तुम्हीच पाठवलं होतं ना?"

शर्वरीचं नाव ऐकून तांतेचा पातेल्यातला डाव थांबला.

"मार्क तुमच्यापेक्षा चांगले आहेत तिचे, खोटं कशाला बोलू. पण मी तिचं प्रोफाइल बघितलं. निळे झेंडे, चौदा एप्रिलची मिरवणूक, भाषणं. मला वैयक्तिक काही नाही हो, जग कुठे गेलंय. पण टीममध्ये सगळी आपलीच मुलं आहेत, डबे एकत्र खातात, उगाच वातावरण बिघडतं." मग ते जरा पुढे झुकले. "रिलेटिव्ह तर नाही ना तुमची? म्हणजे असली तर मी एक शब्द बोलणार नाही." आणि आपल्याच विनोदावर ते हसले, कारण ती केतनची नातेवाईक असणं शक्यच नाही, असं ते धरून चालले होते.

'मेहुणी आहे माझी. मी पण त्यातलाच आहे.' दोनच वाक्यं. केतनने गेली तीन वर्षं ती आंघोळ करताना, सायकल चालवताना कितीदा मनात म्हणून बघितली होती. म्हणायची वेळ आली तेव्हा त्याला उरलेले दिवस दिसले, मुलीचं दप्तर दिसलं, कॅलेंडरसमोर उभी राहिलेली समता दिसली. आणि खरं सांगायचं तर भीती दिसली. दुसरं काही नाही, नुसती भीती. समोरचा रुमाल आपल्यामुळे पुन्हा नाकाशी जाईल ही.

"नाही हो," तो म्हणाला. "कसली नातेवाईक? कोणीतरी सीव्ही पाठवला, मी तुमच्याकडे ढकलला. मला काय माहीत ती असली आहे."

'असली' हा शब्द त्याला कोणी घालायला सांगितला नव्हता. तो त्याचा त्याने घातला.

"वाटलंच मला," सर म्हणाले आणि तिथल्या तिथे मेल टाकली. जाताना त्यांनी बाटल्यांचे पैसे दिले, तांतेला हसून धन्यवाद म्हटलं. त्यांच्या मागोमाग केतनही निघाला. तांतेकडे त्याने बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी एचआरचा फोन आला. नोकरी मिळाली, व्हिसाचे कागद सोमवारीच पाठवणार. समता खाली बसून हुंदके देऊन रडली, तीन महिन्यांचं सगळं तिने त्या दहा मिनिटांत रडून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "शर्वरीचं काही कळलं का?"

"तिचं वेगळं असेल," केतन म्हणाला आणि जॅकेट घालून बाहेर पडला.

पाय तांतेच्या दुकानाकडेच वळले. दुसरीकडे कुठे जाणार होता? तिने काही विचारलं नाही. भात वाढला, घेवडा वाढला, मांस नेहमीपेक्षा जास्तच वाढलं. ताट समोर ठेवून म्हणाली, "मिळाली?" त्याने मान डोलावली. "आणि शर्वरीचं?" तो भात कालवायला लागला. ती काउंटरमागे पातेल्यांपाशी जाऊन उभी राहिली. त्याने पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात फोन वाजला. शर्वरी.

"जिजू, माझं नाही झालं. आत्ताच मेल आली." तिचा आवाज रडून बसला होता. "पुढच्या महिन्यात व्हिसा संपतोय, आता बहुतेक जावंच लागेल परत. पण ते सोडा. ताईचा फोन आला, तुमचं झालं म्हणाली. जिजू, मी खोलीत एकटी नाचले. खरंच नाचले." ती हसायला गेली आणि पुन्हा रडली. "तुम्ही माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका हं. तुमची स्वतःची नोकरी गेलेली असताना त्याच कंपनीत माझंही नाव तुम्हीच लावून धरलंत, एवढं तर सख्खंही कोणी करत नाही. आईलाही मी हेच सांगितलं. आपल्यातलं एक तरी माणूस आत गेलं, बास. जिजू? ऐकताय ना?"

केतन ऐकत होता. तोंडात घास तसाच होता. तो त्याला गिळता येईना आणि तांतेसमोर थुंकताही येईना.