दोन्ही कागदांवर माझी सही

कायद्याच्या पाच वर्षांत काय शिकलीस, असं कोणी विचारलं की मी आधी विषय बदलते. कलमं पाठ होती, नाही असं नाही. पण कुठल्याही प्रकरणात एका बाजूचं ऐकलं की ती खरी वाटायची आणि दुसरीचं ऐकलं की दुसरी. वर्गातल्या बाकीच्या मुली हातवारे करून ठणकावून बोलायच्या. मी वाद घालणाऱ्या दोघींकडे बघून मान डोलवायचे. असल्या माणसानं वकील कशाला व्हावं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

कॉलेज बुलडाण्याला आणि घर रोहिणखेडच्या अलीकडे, त्यामुळे राजूरचा घाट रोज दोनदा. शेवटच्या वर्षी पुस्तकं कमी आणि हातानं करायची कामंच जास्त होती. कोर्टात जाऊन बसायचं, पाहिलेलं डायरीत उतरवायचं, आणि दाव्यांच्या मसुद्यांची एक जाडजूड फाईल करायची. फाईल तपासणारे सर स्वतः वकिली करत. सकाळी आम्हाला शिकवून काळा कोट हातावर टाकून कोर्टात पळत. त्यांची एक विचित्र अट होती. ज्यानं दावा लिहिला, त्यानंच प्रतिवादीचं उत्तरही लिहायचं, म्हणजे कैफियत. "आपला दावा आपल्यालाच पाडता आला पाहिजे," ते म्हणायचे. शिवाय मनानं रचायचं नाही, माहितीतलं भांडण घ्यायचं आणि फक्त नावं बदलायची.

माझ्या माहितीत एकच भांडण होतं. आमचं वावर आणि मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं वावर, यांच्यामधला धुरा. पूर्वी त्या बांधावरून बैलबंडी जायची. आता दोन माणसं शेजारी चालली तर एकाचा पाय पिकात पडतो. मोठेबाबा म्हणत, धुरा तुम्ही कोरला. बाबा म्हणत, तुम्ही. तीन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, रस्त्यात दिसली की मी चपलेकडे बघायचे. बाबांचं मात्र ठरलं होतं, पोरगी वकील झाली की पहिला दावा भावावर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वकील घरचाच असल्यावर शहाणपणाची गरज काय, असा बाबांचा हिशोब.

बाबांच्या बाजूनं दावा मी तासाभरात लिहिला. लहानपणापासून ऐकत आलेलं सगळं सरळ कागदावर उतरलं. शेवटी पद्धतीप्रमाणे ओळ लिहिली, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे', आणि खाली सही. फाईलमध्ये पक्षकाराची सही विद्यार्थ्यानंच करायची असते.

कैफियतीला चार दिवस लागले. मोठेबाबांच्या जागी बसून मी काही आठवतंय का ते बघत होते, आणि एक नको ते आठवलं. मी नववीत होते. नांगरटीच्या दिवशी हट्टानं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते. धुऱ्यापाशी आल्यावर बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "घे एखादं तास तिकून. कोन पाह्यते?" म्हणजे नांगराची एक ओळ भावाच्या बाजूनं. मी पाहत होते, आणि हसलेही होते, कारण बाबा हसत होते.

मोठेबाबांनी त्यांच्या बाजूनं कधीच काही कोरलं नसेल का? मला माहीत नाही. मला माहीत होतं ते एवढंच, आणि सरांनी तर माहितीतलंच लिहा म्हटलं होतं. सातव्या परिच्छेदात मी लिहिलं, 'वादीने स्वतः ट्रॅक्टर लावून धुरा कोरला. त्या वेळी वादीची मुलगी ट्रॅक्टरवर बसलेली होती.' खाली पुन्हा तीच ओळ, मजकूर खरा आहे, आणि पुन्हा माझीच सही.

सरांनी मुलीचं वाक्य लाल पेनानं खोडलं. "कैफियतीत घटना लिहायची, पुरावा नाही. साक्षीदाराचं नंतर बघू."

"पण सर, ती मुलगी खरंच होती."

"असू दे ना. इथं नको."

नियम बरोबर होता, मी तो पाठही केला होता. तरी दिवसभर माझी चिडचिड होत राहिली, सरांवर की बाबांवर की त्या मडगार्डवरच्या मुलीवर, ते काही कळेना.

रविवारी मी डोकं धुऊन बाहेर आले तर बाबा ओट्यावर चष्मा लावून फाईल वाचत बसलेले. दावा वाचताना त्यांचा चेहरा फुलला होता, असं आई नंतर म्हणाली. मी पाहिलं तेव्हा ते पुढच्या कागदावर होते.

"इकडं ये वं. हे सही तुहीच नं?"

"हाव."

"अन् हे?"

"हाव."

"दोन्हीकडं खरं हाय म्हून लिहेल हाय. मंग खरं कोन्तं?"

"अभ्यासाचं हाय बाबा थे."

"मी काय इचारून राह्यलो?"

माझ्या केसांतून पाणी गळत होतं. "दुसरं," मी म्हटलं.

लाल रेघेखालचं वाक्य नीट वाचता येत होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं. आतून आईनं विचारलं, काय झालं म्हणून. "काई नाई," बाबा म्हणाले, "वकीलबाई शिकून राह्यली."

आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला लाज वाटत होती, आणि सांगून टाकल्याचं बरंही वाटत होतं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात मी नेमकी कोण, हे उमजत नव्हतं. दावा बुडाला असता तरी चाललं असतं. बाबा माझ्यापासून तुटले तर काय, एवढीच धास्ती होती.

नवव्या दिवशी नांगरट होती. "चाल वावरात," बाबा म्हणाले. गेले तर मोठेबाबा पलीकडे उभे होते. ड्रायव्हरच्या हाती त्यांना निरोप गेला होता.

"तू पाहेल हाय नं?" बाबा मला म्हणाले. "मंग धुरा होता तिथं उभी राह्य. तुह्या पायापासून ट्रॅक्टर चालीन."

मी पुरती गोंधळले. ना तिथं दगड, ना झाड. मडगार्डवरून पाहिलेलं जमिनीवरून ओळखू येत नव्हतं. मोठेबाबांकडे बघवेना, बाबांकडे तर नाहीच. उरलेल्या धुऱ्यावरून मी आमच्या वावरात सरकत गेले. तीन पावलं टाकली, थांबले, मग आणखी दोन टाकली. बाबा खाली बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

"सरक वं माय इकून," मोठेबाबा म्हणाले. तीन वर्षांतला तो त्यांचा पहिला शब्द. "लय दिलं तुनं." ते ढेकळं तुडवत आले, माझ्या खांद्याला धरून मला दोन पावलं स्वतःच्या वावराकडे सरकवलं आणि म्हणाले, "इथं होता."

मी तिथंच पाय रोवून उभी राहिले. बाबा ट्रॅक्टरकडे वळले.

"पोरगी उभी हाय त्याच्या अलीकून घे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "अन् एखादं तास सोडूनच घे."