मांडवाखालची कादंबरी

पुस्तक ऐकताही येतं, हे नाशिकच्या भाचीनं सांगितलं तेव्हा मी तिला उडवून लावलं. वाचायचं ते डोळ्यांनी, कानांनी ऐकतात ते कीर्तन, असं माझं ठाम मत. पण लग्न होऊन निफाडकडे आल्यापासून वाचन सुटलंच होतं. दिवसभर द्राक्षबाग, आणि रात्री पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळा लागायचा. म्हणून घडांतले मणी विरळायच्या दिवसांत एका कानात इअरफोन घालून पाहिलं. हात कात्रीत, कान कादंबरीत. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, याचा रागच आला.

गोष्ट एका खानावळवालीची. नवरा गेल्यावर दीर तिचं घर बळकावायला टपलेला, आणि ती त्याला पुरून उरणारी. एका ठिकाणी मी एकटीच खो खो हसले, तशी शेजारच्या ओळीतली मजूर मावशी कात्री थांबवून म्हणाली, "वहिनी, बाहेरचं काय झालं का तुम्हाला?"

टोळीतल्या साऱ्या बाया हसल्या. मी इअरफोन काढला, मुलाचा स्पीकर वेलींच्या मांडवाच्या तारेला टांगला आणि गोष्ट सुरुवातीपासून लावली.

मग काय विचारता! मध्ये कुणी बोललं की बाकीच्या तिला गप्प करायच्या. डबा खाताना त्या दिराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. "बाई लय गरीब वागती," मावशी म्हणायची, "मी असते तर उलथनं तापवलं असतं." मी म्हणायचे, गरीब कसली, पक्की धूर्त आहे ती. यावर जुंपायची. इतक्या वर्षांत पुस्तकावरून भांडायला मला पहिल्यांदाच माणसं मिळाली होती, आणि मी फार सुखात होते.

नेमका खानावळवालीच्या घराचा कोर्टात निकाल लागायच्या आधी आमची बाग संपली. दुसऱ्या दिवसापासून टोळी माझ्या चुलत दिराकडे जाणार होती. बांधावरून वाद झाल्यापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद.

"राहिलेलं घरी ऐक की," नवरा म्हणाला.

घरी एकटीनं ऐकून काय करू? निकाल लागल्यावर तोंड कुणाकडे वळवायचं? सकाळी मी कात्री आणि स्पीकर घेऊन निघाले.

"अगं, लोक काय म्हणतील? घरची बाग असून दुसऱ्याकडे रोजानं?"

"रोज कोण मागतंय?" म्हटलं, आणि बांध ओलांडला.

चुलत दीर शेजारच्या तुकड्यात ट्रॅक्टरनं फवारणी करत होता. मला बघून त्यानं मान फिरवली. मीही फिरवली आणि स्पीकर टांगला. न्यायाधीश बोलायला लागले, आणि त्याच वेळी ट्रॅक्टर धडधडत आमच्या बाजूला आला. एक शब्द ऐकू येईना.

"ओ दादा, बंद करा ते!" मावशी ओरडली. "हितं निकाल लागतोय!"

ट्रॅक्टर बंद झाला. बाया कात्र्या धरून नुसत्या उभ्या राहिल्या. घर खानावळवालीला मिळालं. बायांनी एकच गलका केला, मावशीनं मला मिठीच मारली, आणि मला रडू आलं. दिराला कशी अद्दल घडली, यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

चुलत दीर दोन ओळींवर येऊन उभा होता, टोपी हातात घेऊन.

"वहिनी," तो म्हणाला, "पहिल्यापासून लावता का? त्या दिराची बाजू माझी ऐकायची राहिली."