चालून दाखव

"चलके दिखाओ," अध्यक्ष म्हणाले.

शाळेचं ऑफिस. कमिटीचे लोक खुर्च्यांवर बसलेले. मी उभी. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी हातानेच भिंतीपासून दारापर्यंतची जागा दाखवली. "रस्ते में कैसे चलती हो, देखें तो. लड़के यूँ ही पीछे नहीं लगते."

मी चालले. पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून, भिंतीपासून दारापर्यंत. मुलींना पाढे शिकवणारी मास्तरीण मी. एकजण खुदकन हसला. दुसरा सुपारी कातरत होता, त्याचा अडकित्ता थांबलासुद्धा नाही.

"फिर से. ज़रा सीधी."

तिथं पाय थांबले. कानशिलं तापली होती. पण तोंडातून शब्द स्वच्छ आले.

"नाही. तक्रार मी आणली आहे. त्याला बोलवा. त्याला चालायला सांगा."

त्याला कुणी बोलावलं नाही. कारण 'तो' अध्यक्षांचा पुतण्या होता.

आम्ही सिंधीपुऱ्यातले विणकर. बाप हातमागावर लुगडी विणायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. आमच्या गल्लीत नोकरी करणारी मी पहिलीच बाई. हा पुतण्या, कापसाच्या जिनिंगवाल्याचा मुलगा, सायकल घेऊन रोज माझ्या मागे. मी हळू झाले की तो हळू. मी वळले की तो वळायचा. शाळेसमोरच्या ओट्यावर बसून वर्गाच्या खिडकीकडे बघत राहायचा. आईबरोबर नदीच्या राजघाटावर धुणं धुवायला गेले तर तिथल्या पायरीवरही हजर. माझं लग्न ठरत होतं. तो त्या घरी जाऊन सांगून आला, "ती माझी आहे." सोयरीक मोडली. कुणी त्याला विचारलं नाही की कशावरून तुझी? मलाच विचारलं, तू काय केलंस?

म्हणून मी कमिटीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवायची मनाई झाली.

"बाई, सोड आता," बाप म्हणाला. "आपन मागावरची मानसं. त्याईच्या नादी लागू नको."

मी ठाण्यात गेले. भाषेवरून नवे प्रांत होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आमचं गाव हिंदी प्रांतात राहिलं होतं. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीने माझी तक्रार उलटीपालटी करून पाहिली आणि टेबलावरून परत सरकवली. "मराठीवाले तो बंबई राज में गए. यहाँ हिंदी में लाओ."

हिंदीत लिहून नेली. वाचून म्हणाला, "छेड़ा ही तो है. कुछ किया तो नहीं?"

काही केलं नाही म्हणे. माझा रस्ता घेतला, माझी नोकरी घेतली. मला झोपेतसुद्धा सायकलची घंटी ऐकू यायची. पण ठाण्याच्या हिशेबात काही केलं नाही.

कचेरीजवळ एक म्हातारे वकील बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'तुम्ही काय केलंत' असं विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "पोलीस घेत नसतील तर थेट मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद करता येते. बाईच्या अब्रूला धक्का लावणं गुन्हा आहे, कायद्यात आहे. पण साक्षीदार लागेल. आणि कोर्टात तुमच्यावर चिखल उडवतील. तयारी आहे?"

"उडवून झालाय," मी म्हटलं.

साक्षीला कोण येणार? सोबतच्या मास्तरणींनी दारं लावली. शाळेत पाणी भरणारी भागाबाई मात्र स्वतःहून घरी आली. डोईफोडिया गावची, नवरा गेलेली. "मी सांगीन," ती म्हणाली. "मी डोयानं पाह्यलं. लई तर काय, कामावरून काढतीन."

काढलंच तिला. तरी ती आली.

कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलं, "तो मागे येतो हे माहीत असून तू रोज त्याच रस्त्याने का जात होतीस?"

"शाळा त्याच रस्त्यावर आहे."

"दुसऱ्या रस्त्याने गेली असतीस."

"रस्ता सरकारचा आहे. मी का बदलू?"

मागे बसलेले लोक कुजबुजले. मॅजिस्ट्रेटने त्यांना गप्प केलं. भागाबाईला त्या वकिलाने तासभर पिदाडलं. ती एका शब्दाने हलली नाही.

गुन्हा शाबीत झाला. थोडी कैद, थोडा दंड. अपिलात कैद गेली, दंड राहिला. तो पान खात कचेरीच्या पायऱ्या उतरला. माझी नोकरी परत आली नाही. भागाबाईचीही नाही. बाप मरेपर्यंत गल्लीत मान वर करून चालला नाही, आणि ते मी विसरणार नाही. याला न्याय म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

पण निकालानंतर एक पोर माझ्या घरी आली. मग दुसरी. कुणाच्या मागे कामावरचा मालक, कुणाच्या मागे दीर, कुणाच्या मागे शेजारी. त्यांना माझ्याकडून धीर नको होता. कुठं जायचं, काय सांगायचं, कुणाला सोबत न्यायचं, एवढंच विचारायचं होतं. ते मला आता माहीत होतं.

मी त्यांच्याबरोबर ठाण्यात जाते. मुन्शी बदलतात, प्रश्न तेच असतात. मी समोरचं बाकडं धरून बसते. हाकललं तर उठत नाही. मुन्शीने पोरीला "तू वहाँ गई क्यों" विचारलं की मी त्याला थांबवते.

"तिने काय केलं ते नाही. त्याने काय केलं ते लिहा. लिहीपर्यंत आम्ही इथंच आहोत."