ब्रेक मी दाबला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच सांगायला धजतोय.

मी खांडबाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. घर कोरीट गावी. वीस वर्षं ट्रॅक्टर आणि भावाची जुनी जीप चालवलेला माणूस, आणि दोन वर्षांपूर्वी हौसेनं ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही. काचेमागे कॅमेरा, पुढे सेन्सर. शोरूमवाला म्हणाला, समोर माणूस आला आणि तुम्ही चुकून भलतंच दाबलंत, तर गाडी इंजिनची ताकद तोडते आणि स्वतः ब्रेक मारते. मी हसलो होतो. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. आता हे वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळते.

पूजा तिसऱ्या दिवशी होती, कोरीटच्या घरी. वहिनीनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजेच्या गाडीत चप्पल घालून बसायचं नाही म्हणून मी अनवाणी आत बसलो. भाऊ म्हणाला, "चाल, लिंबू फोड." वहिनी मात्र अजून समोरच होती. डावीकडचं लिंबू घरंगळलं होतं, ते ती वाकून नीट करत होती. मला हे दिसत होतं — दिसत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी ब्रेकवरचा पाय जरा सैल केला. ऑटोमॅटिक गाडी तेवढ्यानंही सरकते. ती सरकली आणि मी घाबरलो. जुन्या सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला, तिथे काहीच नव्हतं. उजवा पाय मी सगळा जीव लावून दाबला. कशावर? अनवाणी तळव्याला ते कळलंच नाही. इंजिन असं ओरडलं की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या.

पण गाडी थांबली. कशी सांगू? पाय पूर्ण दाबलेला, आणि ती मात्र हातभर उडी घेऊन जागच्या जागी रुतल्यासारखी उभी राहिली. समोर लाल दिवा लुकलुकत होता. वहिनी सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या पदरात आणि नंबरप्लेटमध्ये वीतभर अंतर होतं. काय घडतंय हे मला कळायच्या आत त्या लोखंडाला कळलं होतं. गाडीनं माझं ऐकलं नाही! देवळात कधी जोडले गेले नाहीत असे माझे हात स्टिअरिंगवर आपोआप जोडले गेले.

सगळे धावत आले. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "गाडी आपोआप पळाली. मी ब्रेक दाबला म्हणून बरं."

एका दमात दोन थापा. माझी चूक गाडीच्या माथी, आणि गाडीचं पुण्य माझ्या नावावर. वहिनी तर आजही लग्नकार्यात बायकांना सांगते, "मन्हा देवरनी ब्रेक दाबा म्हनीसन मी वाचनू." मी तेव्हा मांडवाबाहेर जाऊन उभा राहतो.

इथवर थांबलं असतं तर ते फुशारकीत जमा झालं असतं. पण गाडी आपोआप पळाली म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंच असणार ना? पूजेच्या आदल्या दिवशी खांडबाऱ्याला रतिलालनं तिला फॉगलाइट बसवले होते. रतिलाल कोकणी, माझाच विद्यार्थी. दिवा, वायर, सेल घेऊन सर्किट कसं पूर्ण होतं, हे मीच त्याला शिकवलं होतं. पुढे त्यानं स्टेशनजवळ वायरिंगचं दुकान टाकलं. भाऊ दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन भर बाजारात त्याला नको नको ते बोलला. मी शेजारी उभा होतो. एक शब्द काढला नाही.

आठवड्यानं गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या इंजिनिअर मुलीनं लॅपटॉप जोडला. त्या क्षणाची नोंद गाडीनं जपून ठेवली होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ब्रेक गाडीनं मारलेला. मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले. भीती वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त अचंबा वाटला. जगात एक साक्षीदार होता, आणि त्याला खोटं बोलताच येत नव्हतं. मुलगी हळूच म्हणाली, "सर, ब्रेकला तुमचा पाय लागलाच नाही. वायरिंगही चोख आहे."

मी तिचे आभार मानले. घरी येऊन भावाला सांगितलं, वायरिंगचाच दोष निघाला.

मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर शंका कोण घेणार? पंचक्रोशीतल्या गाड्या रतिलालकडे जायच्या थांबल्या. दिवाळीनंतर त्यानं दुकान बंद केलं. खांडबारा स्टेशनावर तो मला भेटला. बायको, दोन पिशव्या, गुजरातेत ऊसतोडीला निघाला होता. मला पाहून उठून उभा राहिला. वाटलं, आता मला जाब विचारेल. विचारावा, असंही वाटलं.

तो म्हणाला, "सर, मी ती वायर दहा येळ तपासी व्हती. पन तुम्ही म्हनतस म्हनजे चूक मन्हीच व्हई. वहिनीले काही व्हतं तर? माले माफ करा."

गाडी यायला अजून वेळ होता. पुरेसा वेळ होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणालो, "जाऊ दे, माणसाकडून होते चूक."

मी त्याला माफ केलं.